आईचा डीटीपीचा कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी काय काय काढून ठेवावं?

कृष्णाकाठ · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगलीचं घर रंगवायला काढलंय, म्हणून माळा रिकामा करतोय. दोन जुने कॉम्प्युटर निघाले. एक आईचा, २००३ साली घेतलेला: पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची आयडीई (जुन्या रुंद केबलची) हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. सोबत १५ इंची काचेचा मॉनिटर, सीडी रायटर आणि ६०० व्हीएचा यूपीएस. दुसरा माझा कॉलेजातला, २००९ चा: कोअर टू ड्युओ, जी३१ चा बोर्ड, २ जीबी डीडीआर२ आणि ३२० जीबीची साटा (नव्या बारीक केबलची) डिस्क.

आईने बारा वर्षं घरून डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याचं काम) केलं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गणेश मंडळांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. रात्री अकराला कुणीतरी दारात यायचं, "वहिनी, मुहूर्ताची वेळ बदलली हो", की आई पुन्हा मशीन चालू करायची. माझी अकरावी-बारावीची फी याच मशीनवर निघाली. २०१९ च्या पुरात पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा तिने आधी हा डबा माळ्यावर चढवायला लावला आणि मग गहू-तांदूळ.

भंगारवाला दोन्ही मिळून ८०० रुपये म्हणतोय. पैशांचा प्रश्न नाही, पण चांगले सुटे भाग असे किलोवर द्यायला जीव होत नाही. पेंटियम चालूच होत नाही, बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरत नाही. कोअर टू ड्युओ चालतो, पण फारच हळू. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग बऱ्यापैकी येतं. काय काढू, काय टाकू? सविस्तर सांगा.

तपकीरगल्ली · शनिवार, रात्री १०:२५

बावीस वर्षं याच धंद्यात आहे म्हणून लिहितो.

रॅमचा मोह सोडा. पेंटियममधली डीडीआर आहे, १८४ पिनांची. दुसऱ्यातली डीडीआर२, २४० पिनांची. डीडीआर३ लाही २४० च पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, त्यामुळे एकीची दुसरीत बसत नाही. जोर लावून बसवायला जाल तर स्लॉट तुटेल. त्याच पिढीचं दुसरं मशीन घरात असेल तरच रॅम ठेवा.

एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) चालू असेल तर सोन्यासारखा. १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एका डब्यात मिळतात. पंखे सगळे ठेवा, १२ व्होल्टवर कुठेही चालतात. अॅल्युमिनियमचे हीटसिंक, साटा केबली, पितळी स्टँडऑफ, स्क्रू एका डब्यात भरा. कॅबिनेटचे ते जाडे स्क्रू आता सुटे मागायला गेलात तर दुकानदार शोधत बसतो.

३२० जीबीची डिस्क साडेतीन इंची आहे, तिला १२ व्होल्टही लागतात. नुसत्या यूएसबी केबलवर फक्त लॅपटॉपची अडीच इंची डिस्क चालते. हिच्यासाठी १२ व्होल्ट २ अँपिअरच्या अडॅप्टरचं केसिंग घ्या.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. एसएमपीएस उघडणार असाल तर प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आत दोन मोठे कपॅसिटर असतात. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाले की त्या जोडीवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी साठतो. रेझिस्टरमधून तो हळूहळू उतरतो, पण रेझिस्टर जळालेला असेल तर उतरत नाही. मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून आधी मोजा. चार्ज दिसला तर जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब होल्डरसकट दोन वायरींनी टेकवा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे पुष्कळ पाहिलेत. त्यातल्या एकाचा अंगठा आजही बधिर आहे.

अक्षरजुळणी · शनिवार, रात्री ११:०५

कृष्णाकाठ, थांबा. अजून एकही स्क्रू काढू नका.

मी पंधरा वर्षं डीटीपी केलंय, म्हणून मला तुमच्या यादीत न लिहिलेली वस्तू दिसतेय. आईंच्या मशीनच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला, आगपेटीपेक्षा थोडं मोठं, दोन्ही बाजूंना पिना असलेलं काही लावलेलं आहे का? बघणाऱ्याला ते कन्व्हर्टर वाटतं. ते लॉक आहे. त्या काळच्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरपैकी पुष्कळ लॉक असल्याशिवाय चालायचीच नाहीत. आमच्याकडे लॉक हरवणं म्हणजे दुकान बंद पडणं. तुमचा भंगारवाला ते पाच रुपयांतही घेणार नाही आणि तुम्हाला ते पुन्हा कुठे मिळणारही नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. आईंनी श्री-लिपी वापरली असेल किंवा आयएसएम. पहिली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, दुसरं पुण्याच्याच सी-डॅकचं. त्यातला मजकूर युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीचा, नसतो. आपल्या पडद्यावर "श्री" दिसतं, पण फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे साठवलेले असतात. फॉन्ट त्या आकड्यांवर मराठी आकार चढवतो. फॉन्ट गेला की उरतो तो अर्थहीन अक्षरांचा चिखल. म्हणजे नुसत्या फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तुम्ही डिस्क फोडलीत, तर फाइल असूनही मजकूर गेला.

आईंना विचारा: काय वापरत होत्या, पानं लावायला पेजमेकर होतं की कोरल, आणि त्या डिस्कवर असं काही आहे का जे दुसरीकडे कुठेच नाही?

कृष्णाकाठ · रविवार, सकाळी ८:१५

अक्षरजुळणी, रात्री झोप लागली नाही. लॉक आहे. मागे तसंच लावलेलं होतं, वर आईने नेलपॉलिशने ठिपका दिलेला, प्रिंटरची केबल उलटी लागू नये म्हणून.

श्री-लिपी आणि पेजमेकर ६.५. चहा पिताना मी सहज विचारलं की डिस्कवर महत्त्वाचं काही आहे का. ती म्हणाली, "पत्रिकांचं काय, ती लग्नं होऊन पोरं शाळेत गेली. पण त्यात आपल्या भजनी मंडळाचं पुस्तक आहे."

मला हे माहीतच नव्हतं. आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या बायकांना जी पदं आणि गौळणी तोंडपाठ होत्या, त्या आईने २००७-०८ मध्ये एकेकीच्या घरी बसून वहीत उतरवल्या, मग टाइप केल्या. १२० पानांची पुस्तिका झाली. २०० प्रती छापल्या, निम्म्या वाटल्या, बाकीचा गठ्ठा मंडळाच्या खोलीत. पुराच्या वेळी खोलीत छातीइतकं पाणी होतं. गठ्ठा गेला, आईची वही गेली, आणि गल्लीतल्या घरोघरच्या प्रतीही बहुतेक गेल्या. ज्यांनी पदं सांगितली होती त्या आठ जणींपैकी सात आता नाहीत.

म्हणजे आता ते फक्त या ४० जीबीच्या डिस्कमध्ये आहे. आता काय करू ते क्रमाने सांगा. सुट्या भागांचं नंतर बघू.

डब्लिनकर · रविवार, दुपारी १:३०

आधी डिस्कची नक्कल. मशीन दुरुस्त करण्याच्याही आधी. दुरुस्तीत काही उलटसुलट झालं आणि डिस्कला चुकीचा झटका बसला, तर काही उरणार नाही.

आयडीई आणि साटा दोन्ही चालणारं यूएसबी अडॅप्टर मिळतं, सोबत चार पिनांच्या पॉवरची वायर आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलं घ्या. डिस्कच्या मागचा जंपर 'मास्टर'वर ठेवा. आधी पॉवर द्या आणि कान लावून ऐका. एकसारखी घरघर आली तर ठीक. टक्-टक्-टक् असा ठोका आला तर ताबडतोब बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका, कारण तेव्हा हेड बिघडलेलं असतं आणि प्रत्येक प्रयत्नाला प्लॅटर खरवडलं जाऊ शकतं. मग ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

आवाज चांगला असेल तर विंडोजमध्ये लावू नका. विंडोज डिस्क दिसताच तिच्यावर काहीबाही लिहायला लागतं, कधी 'दुरुस्त करू का' म्हणून विचारतं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालू करा आणि डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) काढा. त्याचा फायदा हा की खराब सेक्टर आला तर तो तिथे अडून बसत नाही, पुढचं सगळं घेतो आणि मग मागे येऊन अवघड जागा पुन्हा वाचतो. त्याची नोंदवही, म्हणजे मॅप फाइल, जपून ठेवा. मधेच वीज गेली तरी तिथून पुढे सुरू होतं.

इमेजच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. त्यातली एक सांगलीबाहेर.

मुलुंडकर · रविवार, दुपारी ३:१०

वाचतोय. त्या इमेजवरूनच व्हर्च्युअल मशीन (नव्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) करता येईल ना? मग जुना डबा लागेलच कशाला?

डब्लिनकर · रविवार, दुपारी ४:००

जमलं तर जमेल. पण एक्सपी ज्या बोर्डवर बसवली त्याच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर धरून असते, दुसरीकडे नेली की निळा पडदा येतो. तो निस्तरता येतो. खरी अडचण लॉकची. आजच्या लॅपटॉपला पॅरलल पोर्टच नाही, आणि यूएसबी-टू-प्रिंटर केबलवर अशी लॉक्स सहसा ओळखली जात नाहीत. म्हणजे अक्षरजुळणी म्हणतात तसं लॉक लागणारच, आणि त्यासाठी जुनं मशीन एकदा तरी उठलं पाहिजे.

कृष्णाकाठ · बुधवार, रात्री १०:५०

अडॅप्टर मंगळवारी आलं. डिस्क फिरली. घरघर, ठोका नाही. आई शेजारी उभी होती, म्हणाली, "हाच आवाज."

रात्रभर इमेज चालली. तीन जागी मिळून ४८ केबी वाचता आलं नाही, बाकी सगळं आलं. पुस्तिकेच्या फोल्डरची फाइल ठीक दिसतेय (आकार जुळतोय, उघडता अर्थात येत नाही). विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून श्री-देव-०७१४ आणि तिच्या सगळ्या बहिणी वेगळ्या काढून ठेवल्या. एक प्रत माझ्याकडे पुण्याला, एक बहिणीकडे नाशिकला.

आता मशीन उठवायचं. तपकीरगल्ली, सांगा.

तपकीरगल्ली · गुरुवार, सकाळी ९:२०

शाब्बास. आता डिस्क बाजूला ठेवूनच पुढचं करा. मशीन उठेपर्यंत ती लावायची नाही.

एसएमपीएसचा मोठा कनेक्टर बोर्डातून काढा. प्लग लावा. जांभळी वायर आणि काळी यांच्यात मोजा. मशीन बंद असलं तरी तिथे ५ व्होल्ट असायला हवेत. ते नसतील तर एसएमपीएस मेला. असतील तर एक यू-पिन वाकवून हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडा. पंखा फिरला पाहिजे. मग पिवळी मोजा: ११.४ ते १२.६ च्या मध्ये. लाल: ४.७५ ते ५.२५. नारिंगी ३.३ च्या आसपास. कितीही चांगलं दिसलं तरी लोडवर पुन्हा मोजा, रिकाम्या एसएमपीएसचं माप फसवं असतं. एखादा जुना सीडी ड्राइव्ह लोड म्हणून लावून ठेवा.

एसएमपीएस गेलेला निघाला तर कोअर टू ड्युओचा लावा. तुमच्या पेंटियमच्या बोर्डावर २० पिनांचं सॉकेट असणार आणि नव्या कनेक्टरला २४ पिना. चार पिनांचा तुकडा बहुतेक कनेक्टरांत बाजूला सरकवून सुटा होतो. प्रोसेसरजवळचा चौकोनी चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर विसरू नका, तो न लावता पेंटियम ४ नुसते पंखे फिरवतो.

मग रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरने दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसा, कण झटका, परत बसवा. माळ्यावर पडून राहिलेल्या मशीनमध्ये निम्मे रोग इथेच बरे होतात. बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारचे कपॅसिटर आडवी नजर करून बघा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी डाग असेल तर तो बदलावा लागेल. २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर गेले होते, तुमचं मशीन नेमकं त्या काळातलं. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला). साधा रेडिओतला लावलात तर महिन्यात पुन्हा फुगेल.

कृष्णाकाठ · शनिवार, संध्याकाळी ७:३५

जांभळीवर ०.६ व्होल्ट. एसएमपीएस मेलेला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चार्ज मोजला, प्लग काढून दोन दिवस झाले होते तरी धडधड होत होती, मीटरवर ३ व्होल्ट निघाले. आत पिवळ्या-लाल वायरींच्या बाजूचे चार कपॅसिटर फुगलेत आणि पंख्याच्या पात्यांवर बोटभर जाडीची काजळी.

कोअर टू ड्युओचा एसएमपीएस लावला. पंखे फिरले, पण लांबच लांब बीप. रॅम खोडरबरने पुसली. पुन्हा तेच. दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली आणि एकच छोटा बीप आला! पडद्यावर तारीख १ जानेवारी २००२, सीमॉस चेकसमची (बोर्डात जपलेली सेटिंग बिघडल्याची) तक्रार. बटणसेल मोजला, ३ ऐवजी १.१ व्होल्ट. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ आणला.

बोर्डावरचे कपॅसिटर सपाट आहेत. उद्या डिस्क लावतो.

अक्षरजुळणी · शनिवार, रात्री ८:१०

वा! आता उद्यासाठी.

मशीन नेटला जोडायचं नाही. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्ये बंद झालेत. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून न्या. आजकालचे मोठे पेनड्राइव्ह एक्सएफएटी असतात, ते जुन्या एक्सपीला वाचता येत नाहीत, आणि मग उगाच वाटतं की यूएसबी पोर्ट गेला. परत आणल्यावर व्हायरस तपासा. त्या काळी प्रत्येक सायबर कॅफेतून एकेक ऑटोरन व्हायरस पेनड्राइव्हवर बसून घरी यायचा.

पेजमेकर उघडलं की फाइल आधी 'सेव्ह' करू नका, मूळ तशीच राहू द्या. फॉन्ट सापडत नाही असा प्रश्न आला तर पर्यायी फॉन्ट निवडू नका, रद्द करा आणि इथे लिहा. सगळं नीट दिसलं तर पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर निवडून फाइलमध्ये प्रिंट काढा आणि डिस्टिलरने पीडीएफ करा, फॉन्ट एम्बेड करण्याचा पर्याय चालू ठेवून. आईंना हे सगळं येत असेल, आम्ही सगळे ऑफसेटवाल्यांना असंच द्यायचो. पीडीएफ झाली की पानं कुठेही दिसतील.

त्याशिवाय मजकूर निवडून साध्या टेक्स्ट फाइलमध्येही काढा. युनिकोड करायला तो लागेल.

कृष्णाकाठ · रविवार, रात्री ११:२०

झालं.

मी फक्त केबल लावल्या. खुर्चीवर आई बसली. सत्तरी ओलांडलीय तिने, पण पासवर्ड विचारल्यावर हात आपोआप गेले. श्री-लिपीचं चिन्ह खाली कोपऱ्यात आलं (लॉक ओळखलं!), पेजमेकर उघडायला मिनिटभर लागला, आणि मुखपृष्ठ आलं. विठ्ठलाचं रेखाचित्र, खाली मंडळाचं नाव, खाली "किंमत: नामस्मरण".

आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग तिने पान ३४ काढलं आणि मला दाखवलं, एका गौळणीच्या खाली लहान अक्षरात आजीचं नाव होतं. माझ्या आजीने सांगितलेली. मला आठवत नाही मी ती कधी ऐकली.

पीडीएफ झाली, १२० पानं. मग आईने आपणहून पत्रिकांचं फोल्डर उघडलं आणि म्हणाली, बसलोच आहोत तर. रात्री दहापर्यंत २१४ पत्रिकांच्या पीडीएफ केल्या.

मांडवी · सोमवार, सकाळी ७:५०

पणजीहून. वाचून फार बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा.

आता मॉनिटर आणि यूपीएसबद्दल, कारण ते कुणी बोललं नाही. काचेचा मॉनिटर उघडू नका. पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही राहू शकतात. नळीच्या काचेत शिसं असतं, फुटली तर घरात नको. त्यात घरी वापरण्याजोगं काही नाही. तो अख्खाच अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अशा रिसायकलरची यादी असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे. पण आपल्या गल्लीतून तो ट्रक जात नाही, आपणच पोचवावं लागतं.

यूपीएस मात्र ठेवा. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी मेलेली असणार, ती बॅटरीच्या दुकानात बदल्यात घेतात. नवी घाला. कॉम्प्युटरला तो दहा मिनिटं पुरायचा, वायफायच्या राउटरला तीन तास सहज पुरतो. वाशीला मुलगी घरून काम करते, तिच्याकडे असाच जुना यूपीएस फक्त राउटरला लावलाय.

नवशिक्या_०७ · सोमवार, दुपारी १२:४०

बोर्डावरच्या सोनेरी पट्ट्यांतून सोनं काढतात असे व्हिडिओ पाहिलेत. पेंटियमच्या बोर्डावर करून बघायला काय हरकत आहे?

मांडवी · सोमवार, दुपारी १:१५

हरकत आहे, आणि मोठी आहे. नायट्रिक आम्लाचा तांबूस धूर निघतो तो फुप्फुसात गेला तर त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. मी रसायनशास्त्र शिकवलंय, प्रयोगशाळेत धूरकपाटाशिवाय ते काम करू देत नाही. आणि उरलेलं तांबं-शिशाचं आम्ल तुम्ही ओतणार कुठे? मोरीत. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादला हे पोटासाठी करणारे लोक आहेत, त्यांच्या हातांचे आणि तिथल्या मातीचे हाल वाचा. एका बोर्डावरचं सोनं वाटीत दिसणारही नाही. कृपा करून करू नका.

नवशिक्या_०७ · सोमवार, दुपारी १:४०

समजलं. धन्यवाद, नाही करणार.

वऱ्हाडी_फळा · सोमवार, रात्री ९:००

मी अमरावती जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन विनंत्या.

एक, तो कोअर टू ड्युओ फोडू नका. त्यात ४ जीबी रॅम (जी३१ ला तेवढीच चालते) आणि १२० जीबीची साधी साटा एसएसडी घातली की लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती व्यवस्थित चालते. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालणारच नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून लोक हीच मशीनं टाकतायत. आमची मुलं अशा मशीनवर युनिकोडमध्ये मराठी टाइप करायला शिकतात. दिवसभर चालू ठेवून फाइल सर्व्हर करायचा विचार असेल तर तेवढं टाळा. ६० वॅट धरले तर महिन्याला त्रेचाळीस युनिट जातात, दहा रुपये धरा, सव्वाचारशे रुपये झाले. शाळेत दिवसाला दोन तास चालतं, तिथे तो योग्य.

दोन, एखादी मेलेली हार्ड डिस्क असेल तर मला हवी. वरचं झाकण उघडायला टी८ चा स्टार पाना लागतो, एकदोन स्क्रू स्टिकरखाली लपलेले असतात. आत दोन निओडिमियम चुंबक निघतात. बोट मधे आलं तर चिमटा असा बसतो की रक्त साकळतं, म्हणून काढताना लाकडी पट्टी मधे धरायची. साडेतीन इंची डिस्कचं प्लॅटर बहुधा अॅल्युमिनियमचं असतं. ते तिच्याच मोटरवर बोटाने फिरवायचं आणि चुंबक जवळ न्यायचं, न टेकवता. प्लॅटर थबकतं. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे मुलांना माहीत असतं, म्हणून सगळा वर्ग पुढे सरकतो. मग भोवरा प्रवाह (हलत्या धातूत चुंबकामुळे उठणारी वीज) समजावून सांगायला दोन वाक्यं पुरतात. लॅपटॉपची डिस्क यासाठी नको, तिचं प्लॅटर बहुधा काचेचं असतं आणि फुटून उडतं.

तपकीरगल्ली · सोमवार, रात्री ९:३०

सरांना +१. अख्खं चालणारं मशीन हाच सगळ्यात मोठा सुटा भाग. आणि देण्याआधी स्वतःच्या डिस्कवर नुसतं फॉरमॅट करून थांबू नका, त्याने मजकूर जात नाही, फक्त अनुक्रमणिका जाते. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहा. बँकेची स्टेटमेंटं, पॅनकार्डाचे स्कॅन, सगळ्यांचेच असतात.

पेंटियमचा मेलेला एसएमपीएस चार कपॅसिटर बदलून बघा. जांभळीवर ५ व्होल्ट आले तर गणपतीच्या मखराला वापरा. साधी ३५२८ ची पाच मीटरची एलईडी पट्टी २ अँपिअर घेते, पिवळ्यावर आरामात चालेल. एकच, जुन्या एसएमपीएसला ५ व्होल्टवर थोडा लोड लागतो, नाहीतर १२ चं माप हलतं. लाल-काळीवर १० ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावा, गरम होतो, म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवून बसवा. नवी वायर बाहेर काढाल तिथे फ्यूज घाला, मखरात थर्माकोल आणि कापड असतं.

कृष्णाकाठ · पुढचा रविवार, संध्याकाळी ६:१५

कुठलं काय झालं ते लिहितो.

कपॅसिटर बदलले, तिघे १६ व्होल्टचे आणि एक १०. जांभळीवर ५.०८ आले. रेझिस्टर, फ्यूज, पत्र्याची पट्टी, सगळं तुम्ही म्हणालात तसं. या वर्षी आमच्या घरच्या गणपतीला उजेड त्याचा.

कोअर टू ड्युओला नवा एसएमपीएस घेतला, ४ जीबी रॅम जुन्या बाजारातून, मिंट टाकलं. वऱ्हाडी सर, तुमची शाळा लांब पडते, म्हणून आईच्या ओळखीतल्या मिरजेजवळच्या एका शाळेला दिला. तुम्हाला मेलेली २० जीबीची एक डिस्क आणि दोन पंखे पार्सलने पाठवलेत. यूपीएसमधली बॅटरी ३.२ व्होल्टवर होती, बदलली, राउटर त्यावर आहे. मॉनिटर रिसायकलरकडे स्वतः नेऊन दिला. 

आईचं मशीन मात्र ठेवलं. तिचाच निर्णय. ४० जीबीची डिस्क काढून इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि ती आत लावली. मूळ डिस्क कागदात गुंडाळून लॉकरमध्ये.

आता युनिकोडचं काम सुरू आहे. अक्षरजुळणी, अडचण अशी होतेय. कन्व्हर्टरमधून मजकूर येतो, पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. त्यामुळे "विठ्ठल" बरोबर येतो आणि "कीर्ती"चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. जोडाक्षरं तर प्रत्येक पानावर दहा-बारा चुकतात.

अक्षरजुळणी · पुढचा रविवार, संध्याकाळी ७:००

त्याला मानवी डोळ्यांशिवाय इलाज नाही. पीडीएफ शेजारी उघडून ओळ-ओळ लावा. पदांत बोलीभाषा असेल तर कन्व्हर्टर आणि शब्दतपासणी दोन्ही "दुरुस्त" करून टाकतील, ते बंद ठेवा. "व्हतं" हे "व्हतं"च राहिलं पाहिजे. हवं तर ३० पानं मला पाठवा, मी करते.

कृष्णाकाठ · पुढचा रविवार, रात्री १०:३०

ताई, ३० पानं व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवतो. आईने आजपासून छापील कागदावर लाल पेनने वेलांट्या तपासायला घेतल्यात, १४ पानं झाली. एका पदाच्या दोन ओळी तिला खटकल्या, ज्यांनी सांगितलं त्या आठपैकी उरलेल्या एक काकू आहेत, उद्या सकाळी त्यांच्याकडे विचारायला जातोय. त्यांना नीट ऐकू येत नाही, पण म्हणून दाखवतात म्हणे.

सांगली-मिरजेत कुणाला ४७८ सॉकेटचा चालू पंखा आणि ८० तारांची आयडीई केबल हवी असेल तर व्यनि करा, दोन-दोन आहेत.